डांबर गोळी, काजळी आणि ११.२ मायक्रॉन

डांबराची गोळी माहीत नाही असा माणूस विरळा. आज्जीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमधे ठेवलेली, हॉटेलच्या बेसिनमधे पडलेली, आणि एकदा हात लावला की दिवसभर बोटांना वास येणारी ती पांढरी गोळी. (हल्ली त्याच नावाखाली दुसरंच रसायन बऱ्याचदा विकतात, पण आज्जीच्या ट्रंकेतली तरी अस्सल होती असं धरून चालू.) हिचं खरं नाव नॅफ्थलीन. दहा कार्बन, आठ हायड्रोजन. षटकोनी फरशीचे दोन तुकडे एका कडेला चिकटवलेत अशी तिची रचना. आता अशाच आणखी फरश्या जोडत जा. चार, सात, पंधरा, वीस. सगळ्या कार्बनच्या, आणि बाहेरच्या काठावर तेवढी हायड्रोजनची झालर. या सगळ्या खानदानाला पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. एवढं मोठं नाव दरवेळी टाइप करायचा मला कंटाळा येतो, म्हणून पुढे पीएएच.

हे खानदान आपल्या ओळखीचं आहे. चुलीवरच्या भगुल्याला बाहेरून बसलेली काजळी, अहमदपूरच्या घाटात पुढच्या ट्रकने आपल्या तोंडावर सोडलेला काळा ढग, भरतासाठी भाजताना करपलेली वांग्याची साल, या सगळ्यात पीएएच असतात. काही सदस्य अगदीच वाईट चालीचे आहेत. पाच कड्यांचं बेंझोपायरीन कॅन्सर करतं. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या छातीत काय काय साठतं त्यातही हे आहेतच. आमच्या आज्जीचा खोकला मला अजून ऐकू येतो.

आणि हेच रेणू आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत पसरलेले आहेत. अवकाशातल्या एकूण कार्बनपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के यांच्या रूपात असावा असा हिशोब आहे. एखाद्या दीर्घिकेतून येणाऱ्या अवरक्त प्रकाशातला बऱ्यापैकी मोठा वाटा, कधीकधी वीस टक्क्यांपर्यंत, या काजळीच्या भावंडांचा असतो.

मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही हे नेहमीच्या वाचकांना माहिती आहे. सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात एका कंपनीत डेटाबेसच्या क्वेऱ्या वेगवान करून देतो. हा विषय माझ्या डोक्यात घुसला तो माझ्या भाचीमुळे. ती नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर आक्काचा फोन आला. "तू ये की रे एकदा. तिला समजावून सांग. तुझं ऐकती ती." समजावून सांगायचं म्हणजे काय, तर एम.एस्सी. झालं की पुण्याला यायचं, मामाच्या ओळखीने टेस्टिंगमधे चिकटायचं, आणि नेट-जेआरएफ, पीएच.डी. वगैरे डोक्यातून काढायचं. त्याच रात्री भाचीचा मेल. "मामा, माझं फिटिंग चुकायलंय. पायथॉन बघून देता का?" म्हणजे एकाच वीकएंडला दोन कामं, आणि दोन्ही पार्ट्या आपापल्या कामासाठी मला बोलावतायत. शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स धरली.

लातूरची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे बारावीला चांगले मार्क पडले की मूल डॉक्टर होतं. नाही पडले तर रिपीट करतं आणि मग डॉक्टर होतं. 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजलेली गोष्ट ती हीच. क्लासच्या बोर्डांवर पासपोर्ट फोटोंची रांग, खाली मार्क. या गावात मार्क असूनही बी.एस्सी.ला जायचं म्हणजे लोक घरी येऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना? ते एकदा विचारून झालेलं आहे. आता दुसऱ्यांदा विचारतायत. दाजींची मार्केट यार्डात आडत आहे. त्यांना मी विषय सांगायचा प्रयत्न केला की पोरगी अवकाशातल्या धुळीवर काम करतेय. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "धूळच बघायची तर आडतीवर ये म्हणावं. तुरीच्या सीझनमधे लई असती."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर दाजींचं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या फारसं लांब नाही. तुरीच्या हंगामात संध्याकाळी मार्केट यार्डातून सूर्य पाहिलात तर तो लालबुंद दिसतो. धुळीतून येताना निळा प्रकाश जास्त अडतो, लाल त्यातल्या त्यात पार होतो. ताऱ्यांचंही तसंच. मधे धूळ आली की तारा मंद होतो आणि लालसरही होतो. किती मंद आणि किती लाल, या दोन्हींचं गुणोत्तर काढलं की एक आकडा मिळतो. आपल्या आकाशगंगेसाठी तो सरासरी ३.१ आहे. आकडा लहान म्हणजे कण बारीक, आकडा मोठा म्हणजे कण भरड. नुसता प्रकाश बघून, हात न लावता, चाळणीचा नंबर सांगायचा.

लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्यांना धूळ दाखवायला दुर्बीण लागत नाही. गच्चीवर गादी टाकून झोपलं की आकाशगंगेच्या पट्ट्याच्या मधोमध एक काळी भेग दिसायची. मला लहानपणी वाटायचं तिथे तारेच नाहीत. तारे भरपूर आहेत, त्यांच्यापुढे धूळ आहे. आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता तेव्हाचं आकाश मला पुन्हा कुठे दिसलेलं नाही, हिंजवडीत तर सोडाच.

आता नांदेडचं सांगतो, कारण हे मलाही भाचीकडूनच कळलं आणि कळल्यावर मी जरा ताठ बसलो. नांदेडचं विद्यापीठ तसं तरुण, १९९४ साली मराठवाडा विद्यापीठातून वेगळं झालेलं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचे जिल्हे. तिथल्या भौतिकशास्त्र संकुलातले एम. के. पाटील, रायपूरचे एस. के. पांडे, बंगलोरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतले डी. के. साहू आणि पुण्याच्या आयुकातले अजित केंभावी, या चौघांचा एक शोधनिबंध २००७ साली 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स' या युरोपियन नियतकालिकात आला. विषय: लंबवर्तुळाकार आणि त्यांच्या जवळपासच्या जातीच्या दीर्घिकांमधली धूळ. या दीर्घिका म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांच्या वसाहती. नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत, आणि पूर्वी समज असा की तिथे वायू-धूळ काही शिल्लक नाही. या मंडळींनी अशा २६ दीर्घिका घेतल्या, वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमधून घेतलेली चित्रं तपासली आणि प्रत्येकीतल्या धुळीचा तो चाळणीचा आकडा काढला. तो निघाला २.०३ ते ३.४६ च्या दरम्यान, सरासरी ३.०२. म्हणजे आपल्याकडच्या धुळीच्या बराच जवळ. ज्या दीर्घिकांमधे धुळीचा पट्टा नीट आखल्यासारखा आहे तिथे आकडा लहान, म्हणजे कण बारीक. जिथे धूळ विस्कटलेली आहे तिथे कण त्या मानाने मोठे.

पण मला आवडली ती पुढची गोष्ट. किती प्रकाश अडला त्यावरून त्यांनी धुळीचं वजन काढलं. दहा हजार ते दहा लाख सूर्यांइतकं. मग हेच वजन आयरास या उपग्रहाच्या मोजमापांवरून काढलं. आयरास १९८३ साली गेला आणि त्याने धुळीची सावली न बघता तिची ऊब मोजली, म्हणजे अवरक्त किरण. दुसऱ्या पद्धतीने वजन सुमारे दहापट जास्त आलं! कुठलाही अकाउंटंट इथे पेन खाली ठेवेल. कारण असं की पट्ट्यात गोळा झालेली धूळ सावली पाडते, म्हणून दिसते. ताऱ्यांमधे सगळीकडे सारखी मिसळून गेलेली धूळ सावलीसारखी वेगळी दिसत नाही, पण ती गरम होते आणि अवरक्तात उजळते. बहुतेक धूळ अशी मिसळलेलीच होती.

अवरक्ताबद्दल बोलायचं तर एक जुनं कोडं सांगायलाच हवं. १९७३ साली गिलेट, फॉरेस्ट आणि मेरिल यांनी काही तेजोमेघांचा ८ ते १३ मायक्रॉनमधला वर्णपट घेतला (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात ११.३ च्या आसपास एक उंचवटा होता, आणि तो कुठल्याच ओळखीच्या खनिजाशी नीट जुळेना. पुढे विमानात दुर्बीण बसवून वातावरणातल्या बाष्पाच्या वर जाऊन निरीक्षणं झाली, तर ६.२ आणि ७.७ ला आणखी उंचवटे. ३.३ ला एक, ८.६ ला एक. जिथे बघावं तिथे हीच पलटण. कित्येक वर्षं या पलटणीला 'अनोळखी पट्टे' एवढंच नाव होतं. आमच्या कोडबेसमधे 'मिसलेनियस' नावाचा फोल्डर आहे, तसंच काहीसं.

त्यातच १९८४ साली क्रिस सेलग्रेन यांनी आणखी पंचाईत करून ठेवली. त्यांनी परावर्तन तेजोमेघ घेतले, जिथे जवळचा तारा धुळीला फार तापवू शकत नाही. धुळीचे नेहमीचे कण अशा ठिकाणी थंडगार असायला हवेत. पण प्रकाशावरून तापमान काढलं तर ते सुमारे हजार केल्व्हिन! आणि ताऱ्यापासून लांब गेलं तरी ते कमी होईना. शेगडीपासून दहा फुटांवरही तवा तितकाच तापलेला, असं कसं?

उत्तर सुंदर आहे. कण जर फार लहान असेल, पन्नासेक अणूंचा, तर त्याला तापायला सगळी शेगडी लागत नाही. अतिनील प्रकाशाचा एकच फोटॉन बसला की एवढ्याशा रेणूला ती सगळी ऊर्जा कुठे ठेवू असं होतं. तो क्षणात हजारेक अंशांवर जातो, थरथरतो, आणि काही सेकंदांत ती ऊर्जा अवरक्त किरणांतून टाकून देऊन पुन्हा थंड होतो. मग पुढच्या फोटॉनची वाट बघत बसतो. मोकळ्या अवकाशात ही वाट वर्षभराचीसुद्धा असू शकते. लांब गेल्यावर फोटॉन कमी येतात, पण जो येतो तो तेवढाच जोरात बसतो. म्हणून तापमान तेच, फक्त उजेड कमी. ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी जे ऑन-कॉल असतात त्यांना हे जीवन वेगळं समजावून सांगायला नको. :-)

आणि ही थरथर कुठल्या सुरात होते ते बंधांवर ठरतं. कार्बन-हायड्रोजनचा बंध ताणला-सोडला की ३.३. कार्बन-कार्बनचा सांगाडा हलला की ६.२ आणि ७.७. हायड्रोजन फरशीच्या पातळीतच डोलला तर ८.६ आणि पातळीच्या वर-खाली फडफडला की ११.२. फ्रान्समधे लेजे आणि प्युजे यांनी १९८४ साली, आणि अमेरिकेत अलामंडोला, टीलेन्स आणि बार्कर यांनी १९८५ साली हे पट्टे पीएएचच्या माथी मारले. अमेरिकन निबंधाच्या शीर्षकातच आकाशगंगेत पसरलेल्या मोटारीच्या धुराचा उल्लेख आहे, आणि आत ओरायनच्या तेजोमेघाच्या वर्णपटाशेजारी मोटारीच्या काजळीचा वर्णपट ठेवलेला आहे. दोन्ही आलेख भावासारखे दिसतात. म्हणजे अहमदपूरच्या घाटातला तो ट्रक... असो.

एक मेख मात्र आहे. हे सगळे रेणू त्याच त्या सुरांत गातात, त्यामुळे कोरस ऐकू येतो पण गायक ओळखू येत नाही. अवरक्त पट्ट्यांवरून 'हा अमुक रेणू' असं बोट ठेवता येत नाही. त्याला अपवाद फुटबॉलच्या आकाराच्या साठ कार्बनच्या रेणूचा. तो यान कामी आणि सहकाऱ्यांना स्पिट्झर दुर्बिणीच्या वर्णपटात २०१० साली सापडला, कारण त्याचे सूर वेगळे आहेत. बाकीच्यांसाठी रेडिओ दुर्बीण लागली. २०२१ साली वृषभ राशीतल्या एका थंड काळ्या ढगात सायनोनॅफ्थलीन पकडलं गेलं. हे म्हणजे आपली डांबर गोळीच, एका टोकाला सायनाइडचा गट चिकटलेली. तिथून माझी ट्रंक आणि आकाशगंगा कायमची जोडली गेली.

आपल्याकडेही या सुरांना कान लावलेले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमधे, बनवलेला टिरकॅम-२ नावाचा अवरक्त कॅमेरा आधी जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाच्या दोन मीटरच्या दुर्बिणीवर होता. नंतर उत्तराखंडात देवस्थळला ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर लावला. त्यात एक फिल्टर खास ३.३ च्या पट्ट्यासाठी आहे. आणि त्याही आधीपासून हैदराबादहून टीआयएफआरचे प्रचंड फुगे एक मीटर व्यासाची दुर्बीण घेऊन तीसेक किलोमीटर वर जात. रात्रभर लांबच्या अवरक्तातली निरीक्षणं आणि मग पॅराशूटने खाली. आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा त्यांनी जपानी उपकरण लावून मोजली. त्या रेषेचा आपल्या काजळीशी जवळचा संबंध आहे. अतिनील फोटॉन पीएएचवर आदळला की कधीकधी एक इलेक्ट्रॉन उडतो, तो आजूबाजूच्या वायूला तापवतो, आणि तो वायू ती उष्णता या रेषेतून सोडतो. एवढेसे रेणू अख्ख्या ढगाची शेगडी चालवतात. हैदराबाद आमच्यापासून काही फार लांब नाही. वाऱ्यावर असेल तर फुग्याखालचं यंत्र सीमेपलीकडे येऊन कुणाच्या शेतातही उतरू शकतं, म्हणून लोकांनी त्याला हात न लावता कळवावं अशी निवेदनं निघतात. हरभऱ्याच्या रानात अवरक्त दुर्बीण उतरलेली बघायला मला फार आवडलं असतं.

तर शनिवारी सकाळी भाचीचा लॅपटॉप उघडला. तिच्याकडे एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा स्पिट्झरने घेतलेला वर्णपट होता. (नाव लिहीत नाही, काम तिचं आहे.) स्पिट्झरचा वर्णपटमापक थंड ठेवणारं द्रवरूप हीलियम २००९ च्या मे महिन्यात संपलं आणि अख्खी दुर्बीण ३० जानेवारी २०२० ला बंद केली. पण तिने जमवलेला सगळा डेटा फुकट आणि खुला आहे. नांदेडच्या हॉस्टेलमधे बसलेल्या मुलीला तो पॅसाडेनातल्या प्राध्यापकाइतकाच मिळतो, फक्त वायफाय चालू पाहिजे. ही गोष्ट मी आक्काला दोनदा सांगितली. तिला फार काही वाटलं नाही. मला मात्र अजून वाटतं.

२००५ साली जपानच्या कानेदा आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर वापरून दाखवलं होतं की लंबवर्तुळाकार दीर्घिकांमधेही पीएएचचे पट्टे आहेत, पण विचित्र आहेत. तारे जन्मतायत अशा ठिकाणी ७.७ चा पट्टा सगळ्यांत दांडगा असतो. इथे तो मरतुकडा आणि ११.३ चा ठसठशीत. कारण बहुधा असं की म्हाताऱ्या ताऱ्यांकडे अतिनील प्रकाश फारसा नसतो, त्यामुळे रेणूंचे इलेक्ट्रॉन उडत नाहीत. आणि विद्युतभार नसलेला पीएएच ७.७ ला गप्प आणि ११.२ ला मोठ्याने बोलतो. शिवाय लहान रेणू तिथल्या तापलेल्या वायूत टिकत नाहीत. त्या वायूचं तापमान एक कोटी अंशांच्या घरात असतं. त्यात काजळीचा रेणू सापडला तर फार काळ जगत नाही. मग तिथे दिसणारी काजळी आली कुठून? शेजारची एखादी लहान दीर्घिका गिळल्यामुळे, की म्हाताऱ्या ताऱ्यांनीच टाकलेल्या राखेतून? भाचीला हा प्रश्न पडलेला आहे आणि जगात कुणाकडे याचं पूर्ण उत्तर नाही.

तिचं फिटिंग फसत होतं ते ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्टीत. प्रोग्रॅम ७.७ चा पट्टा जवळजवळ शून्य सांगत होता आणि ८.६ चा निगेटिव्ह. निगेटिव्ह पट्टा म्हणजे धूळ उजेड उधार घेतेय. तिने पहिल्यांदा कोडवर संशय घेतला, म्हणून मामाला बोलावणं. आम्ही दोन तास ओळ न्‌ ओळ वाचली. कोड बरोबर होता. मग मी आमच्या धंद्यातली एकच युक्ती सांगितली. फिट सोड, उरलेलं काढून बघ. डेटातून मॉडेल वजा केलं की जे उरतं ते खोटं बोलत नाही. उरलेल्यात १० मायक्रॉनभोवती एक रुंद टेकाड होतं. ती बघत बसली. चहा थंड झाला. आणि मग एकदम म्हणाली, "मामा, ही वाळू आहे!"

वाळू म्हणजे सिलिकेट. म्हातारे तारे आपल्याभोवती सिलिकेटच्या धुळीचं कवच सोडतात आणि ते ९.७ च्या आसपास उजळतं. अख्ख्या दीर्घिकेत असे असंख्य तारे, त्यामुळे त्यांचं एकत्र टेकाड. प्रोग्रॅमला हे टेकाड माहीतच नव्हतं. तो बिचारा पायाची रेषा त्याच्यावरून ओढत होता आणि शेजारचे पट्टे बुडत होते. तिने मग पीएएच नसलेल्या, निव्वळ म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दीर्घिकेचा वर्णपट शोधला, योग्य पटीत आणला आणि वजा केला. संध्याकाळी साडेसातला नवा आलेख आला. ८.६ निमूटपणे शून्याच्या वर. ७.७ आता दिसत होता, पण तरीही बारीक. आणि ११.२ ला सुळका.

हे मी शोधलेलं नाही. मला सिलिकेट माहीतच नव्हतं. ते तिने ओळखलं, आणि ज्या वेगाने ओळखलं ते मी पाहिलं. वीस वर्षांत मी बऱ्याच मुलाखती घेतल्यात. असं उरलेल्याकडे बघत बसणारं माणूस फार क्वचित भेटतं. आपल्याकडे बहुतेक जण फिट हिरवं झालं की लॅपटॉप मिटतात.

रात्री जेवताना आक्काने मुद्द्याला हात घातला. "मग काय ठरलं?" मी म्हटलं, तिला वर्ष-दोन वर्षं द्या. नेट-जेआरएफ देऊ दे, जेस्ट देऊ दे. हॉस्टेलचं, फॉर्मचं, पुस्तकांचं माझ्याकडे. दाजींनी ताटातून मान वर केली नाही. आक्का म्हणाली, "तुला सोपं आहे. पगार चालू आहे तुझा." खरंच आहे. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा नेट-सेट सगळं पास होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासाप्रमाणे पैसे, ते पण उशिरा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं, पर्मनंट कधी? हे आक्काने सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हतं. धुळीचं वजन दहापट निघालं हे ऐकून तो हिशोब बदलत नाही.

तरीही मी माझं मत बदललं नाही आणि तसं तिला सांगितलं. टेस्टिंगची नोकरी दोन वर्षांनीही मिळेल. आमच्या क्षेत्राचं काय होईल ते आजकाल कुणी सांगू शकत नाही, पण डेटातून वाळू ओळखणारी मुलगी उपाशी राहील असं मला वाटत नाही. आणि पीएएचच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय ते बघा. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला उडाली. २०२३ साली तिने बारा अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशात, एका दूरच्या दीर्घिकेत, हाच ३.३ चा पट्टा पकडला. विश्व आजच्या वयाच्या दहाव्या हिश्शाइतकं असताना काजळी तयार होती. तिचा डेटाही ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो. तो वाचायला लोक कमी पडतायत.

भाची या सगळ्या वेळात काही बोलली नाही. भाकरी मोडत बसली होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आई, जूनपर्यंत थांब. जूनच्या परीक्षेचं काय होतंय बघू." आक्का उठून आत गेली. दाजी हात धुताना मला म्हणाले, "ते वाळू का काय म्हणाली ती, ते खरंच लांबून कळतं का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आम्हाला हातात घेतल्याबिगर मालातला खडा कळत नाही."

रविवारी दुपारी मी परतलो, ती नांदेडच्या एसटीत बसली. आक्काचा त्यानंतर फोन आलेला नाही. एरवी पोचलास का म्हणून येतो. बुधवारी भाचीचा मेल आला. आणखी चार दीर्घिकांवर तीच वजाबाकी केलीय. तिघींमधे टेकाड गेलं, चौथीत १७ मायक्रॉनला काहीतरी उरतंय जे तिला आवडलेलं नाही, आणि एरर बार कसे काढायचे ते विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण आधी मलाच ते वाचायला लागणार आहे.